बायकोला डिजिटल करा, फोन खिशातच राहू द्या

भाऊ, काळ बदललाय. घरातली बाई डिजिटल नसली की चारचौघांत मान खाली जाते. तेव्हा आधी सिमकार्ड तिच्या नावावर घ्या आणि फोन आपल्या खिशात ठेवा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, त्यातलं पाचवं बायकांच्या समानतेचं. त्यात मोबाइल कुणाच्या मालकीचा, हेही मोजतात. खिसा कुणाचा, ते मोजत नाहीत.

अगदीच फोन द्यावा लागला तर तुमचा जुना द्या. काच तडकलेला, बॅटरी फुगलेला, 'शुभ सकाळ'च्या फुलांनी गच्च भरलेला. त्याला लॉक नको. घरच्यांपासून लपवायचंय काय? तुमच्या फोनला लॉक असू द्या, तो कामाचा असतो. रिचार्ज संपला तर घाई करू नका. माहेर सोडून फोन करायचाय कुणाला तिला? २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल निघाला, पण इंटरनेट कधी वापरलेल्या ३३ टक्केच. बाकीच्यांचा डेटा पोरं संपवत असतील.

पैशांची काळजी करू नका. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं, त्यात सरकारनंही तुमची आठवण ठेवली: बहिणीच्या ओटीपीनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, वर त्यांचाही ओटीपी. ज्यांना दोघंही नाहीत त्यांचं काय, हे जरा उशिरा सुचलं.

आमच्याकडच्या सेवा केंद्रावर एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन सकाळपासून उभी होती. दोन्ही नंबर नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा ट्रकवर. केंद्रवाल्याच्या फोनवरून तिनं विचारलं, "आला का हो आकडा?" तिकडून, "गाडी चालवतोय, थांब." गाडी थांबेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पोरगा म्हणाला, "मावशी, परत टाकू?" तिनं मान हलवली आणि पिशवीची गाठ पुन्हा सोडली. बघा, ऑनलाइन व्यवहाराला बाई किती लवकर सरावते!

आठ मार्चला मात्र कंजूषपणा नको. ग्रामपंचायतीत तिला पुढच्या रांगेत बसवा, फोन तिच्या हातात द्या, स्क्रीन कॅमेऱ्याकडे करायला सांगा. फोटो काढायला दुसरा फोन लागेल, तो शेजाऱ्याकडून मागून घ्या. आणि फोटो झाला की तुमचा लगेच परत घ्या, गॅसचा ओटीपी यायचाय.