दोन स्टेंट बसले तरी क्लेम का नाकारला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेहुण्यांची 10 लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (ठरावीक गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम एकदम देणारी) होती, हृदयात दोन स्टेंट बसले, कंपनीने अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवणं) पॉलिसीत बसत नाही म्हणून छदामही दिला नाही. म्हणजे ही फसवणूकच, चांगला मेडिक्लेम असला की पुरे, आणि या विम्यावरचा माझा लेख एजंटांची तळी उचलणारा.

आधी मेहुण्यांचं पाहू, कारण तिथे कदाचित अजून काही करता येईल. क्लेम कोणत्या आजाराखाली टाकला होता? विमा नियामक इर्डाने 22 गंभीर आजारांच्या व्याख्या ठरवून दिल्या आहेत. त्यात अँजिओप्लास्टीही आहे, पण म्हणून ती प्रत्येक पॉलिसीत असतेच असं नाही. बऱ्याच पॉलिसींत नसते, काहींत असते ती कमी रकमेपुरती. 'पहिला हृदयविकाराचा झटका' ही मात्र वेगळी नोंद, आणि ती जवळपास सगळ्या पॉलिसींत असते. तिच्यासाठी झटक्याची ठरावीक लक्षणं, ईसीजीमधले नवे बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) असा पुरावा लागतो. मेहुण्यांना आधी झटका आला आणि त्यावर उपचार म्हणून स्टेंट बसले असतील, तर क्लेम झटक्याचा व्हायला हवा होता. नुसती अँजायना (झटक्याविना छातीत दुखणं) असेल किंवा तपासणीत ब्लॉकेज सापडून स्टेंट बसले असतील, तर कंपनीचं बरोबर आहे.

हे कळण्यासाठी हॉस्पिटलमधून तीन कागद काढा: डिस्चार्ज कार्ड, दाखल होतानाचा ईसीजी आणि ट्रोपोनिनचे सगळे रिपोर्ट. रिपोर्टवरची वेळ नीट बघा. अँजिओप्लास्टीनंतर वाढलेलं ट्रोपोनिन व्याख्येत धरत नाहीत, आधीच्या नमुन्यात वाढ दिसायला हवी. डिस्चार्ज कार्डावर फक्त प्रोसिजरचं नाव लिहून झटक्याचा उल्लेख गाळण्याचे प्रकार होतात. तसं असेल तर डॉक्टरांकडून निदानाचं स्पष्ट पत्र घ्या. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे कार्यालय आहे. 50 लाखांपर्यंतचा दावा तिथे चालतो, फी नाही, वकील नको. कंपनीचं अंतिम नकाराचं पत्र आल्यापासून वर्षभरात जायचं असतं, तेव्हा त्यावरची तारीख आजच बघा.

आता फसवणुकीचं. ही पॉलिसी आजाराला पैसे देत नाही, आजाराच्या व्याख्येला देते. विकताना हे कोणी सांगत नाही, तुमचा तेवढा राग रास्त आहे. कॅन्सरचंच बघा: कार्सिनोमा इन सिटू, म्हणजे पेशी मूळ जागीच असलेली अगदी सुरुवातीची अवस्था, प्रमाणित व्याख्येबाहेर आहे. पक्षाघात झाला तर मेंदूची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो, आणि पक्षाघाताचा तात्पुरता झटका येऊन गेला तर काहीच नाही. किडनीसाठी दोन्ही कायमच्या निकामी होऊन नियमित डायलिसिस सुरू झालेलं किंवा प्रत्यारोपण झालेलं असावं लागतं. शिवाय सुरुवातीचे साधारण 90 दिवस संरक्षण नाही, आणि निदानानंतर बहुतेक पॉलिसींत 30 दिवसांपर्यंत रुग्ण जिवंत राहावा लागतो. विसाव्या दिवशी तो गेला तर कुटुंबाला आधार टर्म इन्शुरन्सचा (मृत्यू झाल्यावर रक्कम देणारा विमा), याचा नाही. '60 आजारांचं कवच' या जाहिरातीला म्हणूनच भुलू नये. कॅन्सर, हृदय, पक्षाघात आणि किडनी या चारांच्या व्याख्या वाचल्या की पॉलिसी कळते.

मेडिक्लेम पुरतो, हे मात्र मला मान्य नाही. क्रिटिकल इलनेस विमा 1983 साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला, तो मारियस बर्नार्ड या हृदय शल्यविशारदाच्या आग्रहाने. त्यांचे रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचत होते, पण पैशांनी खचत होते. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. बिनपगारी रजा, घराचा हप्ता, केमोसाठी दर तीन आठवड्यांनी गावाहून मुंबईला येणं-राहणं यांची बिलं तिथे चालत नाहीत. क्रिटिकल इलनेसमध्ये ठरलेली रक्कम एकदम हातात येते आणि मेडिक्लेमचा क्लेमही वेगळा मिळतो.

रक्कम अंदाजाने ठरवू नका. समजा घरखर्च 45,000 आणि हप्ता 18,000, म्हणजे महिन्याला 63,000. जोडीदाराच्या पगारातून 25,000 येत असतील तर तूट 38,000. दोन वर्षं धरली तर 9,12,000. म्हणजे 10 लाख ठीक, 50 लाखांचा प्रीमियम कशाला भरायचा?

पुरेसा मेडिक्लेम आणि टर्म नसेल तर क्रिटिकल इलनेस विमा घेऊच नये, आधी ते दोन. पेन्शनवर असलेल्यांचं उत्पन्न आजारपणाने थांबत नाही, त्यांनाही नको. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) योजनेखालच्या कामगाराला ठरावीक 34 दीर्घ आजारांत, वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, पगाराच्या 80 टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो; त्याने तो हक्क आधी तपासावा. एकट्याच्या कमाईवर घर आणि कर्ज चालत असेल, किंवा स्वतःचा धंदा असेल, तर मी घ्या म्हणेन, आणि चाळिशीच्या आत.

टर्मसोबत क्रिटिकल इलनेसचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कवच) घेताना त्याची रक्कम मूळ रकमेतून वजा होते का हे विचारा. एक कोटीच्या टर्ममधून 20 लाख मिळाले, तर मृत्यूनंतर 80 लाखच उरतात. स्वतंत्र जादा रक्कम देणारा रायडर महाग पडतो, पण मी तोच घेईन.

राहिले एजंट. त्यांच्या कमिशनपेक्षा मला त्यांनी भरलेल्या फॉर्मची धास्ती जास्त. तंबाखू, शुगर, बीपी, आईवडिलांचे आजार यांपुढे ते सरसकट 'नाही' लिहून मोकळे होतात आणि सही मात्र आपली असते. पॉलिसी हातात आल्यावर परत करायला 30 दिवस मिळतात. सोबत जोडलेली फॉर्मची प्रत तेवढ्यात ओळीओळीने तपासा, चूक दिसली तर कंपनीला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

मेहुण्यांच्या ट्रोपोनिन रिपोर्टवरच्या वेळा मिळाल्या की नाव-पत्ता झाकून इथे लिहा, पुढचं बघू.