चंद्र, चंद्रकळा आणि १८ टक्के

संक्रांतीला बायको नवी काळी चंद्रकळा नेसली आणि मी नवा कॅमेरा गळ्यात अडकवला. दोन्ही खरेद्या एकाच महिन्यातल्या, त्यामुळे किमतीबद्दल घरात कुणीच कुणाला काही विचारत नव्हतं. पदर नीट दिसावा म्हणून मी अगदी जवळ जाऊन पंधरा-वीस फोटो काढले.

कॉम्प्युटरवर पाहिलं तर साडी राखाडी. शिवाय हलव्याचे दागिने पांढरेफटक! सासूबाईंनी शेगडीपाशी बसून, बोटं भाजून घेत हलव्यावर फुलवलेला काटा पार गायब. गळ्यात साबुदाण्याची माळ घातल्यासारखं दिसत होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी मला तिळगूळ एकच मिळाला. "ही साडी बोहारणीला दाखवली तर वाटीसुद्धा देणार नाही ती," बायको म्हणाली.

ओळखीतले एक काका रोलच्या जमान्यापासून फोटो काढतात. छत्तीस फोटोंत अख्खं लग्न बसवलेला माणूस. त्यांना विचारलं.

"कॅमेऱ्याला काळं-गोरं कळत नाही रे. समोर काहीही असो, ते १८ टक्के उजेड परत फेकणारं करडं आहे असं धरूनच तो चालतो."

१८ टक्के म्हटल्यावर मला आधी वाटलं, काका जीएसटीचं बोलतायत.

"काळी साडी दिसली की त्याला वाटतं, बाई अंधारात बसलीय. मग उजेड वाढवतो. पांढरं दिसलं की दाबतो. म्हणून कॅमेऱ्यावर उजेड कमी-जास्त करायचं अधिक-वजाचं बटण असतं, त्यावर काळ्याला वजा करायचं, पांढऱ्याला अधिक."

हे मी घोकलं, पण उलटं. मेव्हण्याच्या साखरपुड्यात त्याच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्याला मी छातीठोकपणे वजा दोन केलं. झब्बा सिमेंटच्या गोणीचा शिवल्यासारखा आला. तो अल्बम सासुरवाडीत पाहुण्यांना दाखवत नाहीत.

मग आली कोजागिरी. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, चारोळ्या पडत होत्या, आणि मी चंद्रावर नेम धरला. ऑटोवर बटण दाबताच कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश टपकन उभा राहिला आणि चमकला.

"अहो, चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे," बी विंगचे नाना म्हणाले. "तुमचा दिवा पातेल्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ!"

गच्चीभर हशा. मी फ्लॅश दाबून खाली बसवला आणि पुन्हा फोटो काढला. चंद्र म्हणजे काळ्या परातीत पडलेली इडली. आकाश तरी काय, चंद्रकळाच ती, फक्त पन्ना मोठा. कॅमेऱ्यानं पुन्हा उजेड वाढवला होता.

कोपऱ्यात जाऊन काकांना फोन लावला.

"चंद्र रात्री दिसतो म्हणून त्याला रात्रीचा समजू नकोस. त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलंय, आणि जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट. दुपारी रस्त्याचा फोटो काढतोस तसा काढ. ऑटो सोड. आयएसओ १००, अपर्चर ११, शटर १२५."

खाली आमची मंडळी हातात दुधाचे पेले घेऊन उभी राहिली, वर चंद्र. मी कॅमेरा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

चंद्र आला! मोठा करून पाहिला तर डागांसकट, सशासकट. मी कॅमेरा नानांच्या नाकासमोर नेला. नाना गप्प झाले. मग ही आली, सासूबाईही आल्या.

"चंद्र छान आलाय हो," ही म्हणाली. "पण आम्ही कुठे आहोत?"

चंद्राखाली नुसता काळोख होता. आता खरं म्हणजे फ्लॅश हवा होता, पण मघाशी हसल्यावर कुणाची छाती होणार तो उघडायची?

"ही काय," मी काळोखात बोट ठेवून म्हणालो, "डावीकडून तिसरी."

सासूबाईंनी चष्मा लावून तिथे बराच वेळ पाहिलं.