घर सासूबाईंच्या नावावर असले तरी सुनेला परस्पर बाहेर काढता येत नाही

“फ्लॅट सासूच्या नावावर असेल तर सुनेचा त्यावर काडीचाही हक्क नाही; माहेरी गेली की सगळे संपले; तक्रार केली तर नवरा त्याच दिवशी तुरुंगात; शिवाय वकिलाला लाखभर मोजावे लागतात.” अशा आशयाचा मजकूर ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कायदेशीर सल्ला म्हणून फिरत असतो. घरात मार खाणारी बाई तो वाचून गप्प बसते, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण वाशी-नेरूळकडे सिडकोची कितीतरी घरे सासू-सासऱ्यांच्याच नावावर आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे कलम 17 स्त्रीला सामायिक घरात, म्हणजे नवरा-सासरच्यांबरोबर ती जिथे राहते किंवा राहिलेली आहे त्या घरात, राहण्याचा हक्क देते, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या एका निकालाने सासूच्या घरातील हा हक्क नाकारला होता आणि फिरणारा मजकूर बहुधा तिथेच अडकला आहे. तो निकाल सतीश चंदर आहुजा प्रकरणात 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्रिसदस्यीय पीठाने चुकीचा ठरवला. हा हक्क राहण्यापुरताच आहे, वृद्ध सासू-सासऱ्यांचे हितही न्यायालय पाहते, आणि प्रसंगी पर्यायी घर किंवा त्याचे भाडे देण्याचा आदेश होतो. मात्र कुलूप बदलून आणि तिच्या बॅगा जिन्यात ठेवून तिला परस्पर बाहेर काढणे बेकायदेशीरच आहे.

माहेरी गेल्याने काहीही संपत नाही. कधीकाळी एकत्र राहिलेली स्त्रीही अर्ज करू शकते, आणि तोही ती सध्या तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे.

तुरुंगाच्या धाकाने तर किती जणींची तोंडे बंद केली जातात! या कायद्याखालील अर्जातून संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई मागता येते. शिक्षेचा प्रश्न संरक्षण आदेश मोडल्यावर येतो. क्रूरतेचा गुन्हा (पूर्वीचे 498-अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85) वेगळा आहे, आणि त्यातही आपोआप अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावले आहे.

राहिला खर्च. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यात येत असल्याने तिथल्या महिलांना पनवेलची तालुका विधी सेवा समिती जवळची आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात मारहाणीबरोबरच पगार काढून घेणे, नोकरी करू न देणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे यांचेही रकाने आहेत. अंगावर वळ नाहीत म्हणून कोणी मागे फिरू नये. दवाखान्याची कागदपत्रे, मेसेज, बँकेचे पासबुक यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवाव्यात.

संरक्षण अधिकाऱ्यांना शेजारीही कळवू शकतात, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. जिवाला धोका असेल तर लगेच 112. सल्ला आणि मदतीसाठी महिला हेल्पलाइन 181, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100.