नदी वाचवायचीय? आधी पोकलेन बोलवा

डोंगरातून येणारी नदी जानेवारीतच आटायला लागली, की पहिलं काम म्हणजे डोंगराकडे पाठ फिरवणं. वर चढलं की दम लागतो, आणि तिथे उद्घाटनाला पाहुणे येत नाहीत. पाणलोटाचं काम केलेली माणसं 'माथा ते पायथा' असा घोषा लावतील, कारण वरची माती वर अडवली नाही तर खालचे बंधारे गाळाने भरतात. भरू द्या की! गाळ काढण्याचा वेगळा कार्यक्रम आपसूक मिळतो. तेव्हा सुरुवात पायथ्याला, रस्त्यावरून दिसेल अशा जागी करावी.

पोकलेन पात्रात उतरलं की मुरूम लागो, खडक लागो, थांबायचं नाही. डोह बुजवा, दगडगोटे हलवा, काठचा वाळा आणि करंज उपटा, नदी गटारासारखी सरळ करा. पाण्याचा वेग वाढतो, काठ खचतात आणि पूर खालच्या गावात लवकर पोचतो. शेजारधर्म पाळल्यासारखं होतं. पात्र भूजलाच्या पातळीखाली गेलं की काठच्या विहिरींचं पाणी झिरपून त्यात उतरतं. त्याकडे बोट दाखवून 'बघा, पाणी लागलं!' म्हणा. विहिरी कुणाच्या आटल्या ते नंतर बघू. निघालेली माती काठावरच ढिगाने ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात ती आपली आपण पात्रात परत जाते.

एवढं करूनही कुणी डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर, खणायला निघालंच, तर निदान ती पातळी शोधून देणारी ए-फ्रेम त्याच्या हाती लागू देऊ नका. सारख्या लांबीचे दोन बांबू, मधे आडवी पट्टी, शेंड्यावरून सोडलेली दोरी आणि तिला बांधलेला दगड, एवढाच काय तो पसारा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची. मग त्याच दोन जागांवर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की पाय समपातळीत. तसे पाय टेकवत, फक्की टाकत पुढे जायचं. शाळकरी पोरालाही जमतं, आणि तिथेच सगळी अडचण आहे: ज्यात निविदा नाही त्यात रस कुणाला?

त्यापेक्षा अंदाजपंचे चर मारा. थोडा जरी उतार राहिला तरी सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथला मातीचा बांध फुटतो आणि खाली नवी घळ पडते. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची असते, तुम्ही वरच्या बाजूला टाका. थोड्याच सरींत चर बुजेल. नीट खणलेला, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर एका मीटर लांबीत 180 लिटर पाणी धरतो, आणि ते जमिनीत मुरलं की पुन्हा भरतो. असं गुपचूप मुरलेलं पाणी अहवालात दाखवणार कसं?

घळीतले दगडी बांधही जरा देखणे हवेत. जाणकार मधला भाग कडेपेक्षा खाली ठेवतात, म्हणजे पाणी मधूनच सांडतं. ते फोटोत बसकं दिसतं. तुम्ही मधे उंच रचा. पाणी बाजूने काठ खाऊन निघून जाईल, बांध मात्र कोरडाठाक आणि शाबूत उभा राहील. गोण्यांचा वनराई बंधारा ओढा वाहता असतानाच घालायचा असतो, म्हणून आधी बैठक, मग समिती, मग गोण्यांची मोजदाद. तोवर धार आटते. तरीही घालायचाच झाला तर गोण्यांत निव्वळ वाळू भरा, म्हणजे उरलंसुरलं पाणी आरपार जाईल.

मोजमापापासून मात्र लांब राहा. झऱ्याखाली 20 लिटरची बादली धरली आणि ती 40 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 30 लिटर, दिवसाला 43,200 लिटर. दर महिन्याला हा आकडा भिंतीवर लिहिला की काम फसलं की साधलं हे लोकांना कळतं, आणि मग लोक वाटप मागतात. चंदीगडजवळच्या सुखोमाजरी गावात नेमकं हेच झालं. बांधातल्या पाण्यात भूमिहीनांनाही वाटा मिळाला, तशी डोंगरावरची चराई लोकांनी आपणहून आवरली. राजस्थानात अरवरीच्या काठच्या गावांनी तर 1999 मध्ये नदीसाठी स्वतःची संसदच भरवली. असले पायंडे आपल्याकडे नकोत. भूमिहीनाला वाटा नाही, पण चराईबंदी पहिली त्याच्या शेळ्यांना, असा साधा नियम ठेवा. तो रात्री शेळ्या चरायला सोडेल. मग लोकांना शिस्तच नाही, असं भाषणात म्हणता येईल.

आणि चुकूनमाकून झऱ्याची धार वाढलीच, तर त्याच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी मुरतं नेमकं तिथे, बोअर घ्या. हरकत विचारात घ्यायला समिती बसेल, तोवर पाइप उसापर्यंत पोचलेला असू द्या.