दोन्ही पाय टेकले म्हणून घेतली

माझी उंची पाच फूट तीन इंच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

अंबाजोगाईत माझ्या दारात अ‍ॅव्हेंजर उभी असते. बजाजची मोटारसायकल, 2017 सालची, 220 सीसीची क्रूझ, तारेच्या चाकांची. 2022 ला सेकंडहँड घेतली. तेव्हापासून गल्लीचं माझ्याबद्दल एक मत कायम झालंय : गुरुजींना चाळिशीत वारं लागलं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "सर, आता दाढी कधी वाढवताय?" मेहुण्यानं पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडचा राष्ट्रीय प्रश्न : "भाऊजी, आवरेज किती देती?" अडतीस देते. तो हसला. त्याची साठ देते.

आता खरं कारण. नोकरी लागल्यापासून जितक्या गाड्या चालवल्या, तितक्यांवर थांबताना माझा एकच पाय टेकायचा, तोही चवड्यावर. मागं बायको, टाकीवर दळणाची पिशवी, फाट्यावर समोरून ट्रॅक्टर आला आणि गाडी जरा कलली की पोटात गोळा. वीस वर्षं हा गोळा घेऊन मी शाळेत जाऊन येत होतो, आणि पुरुषमाणसानं अशा गोष्टी बोलायच्या नसतात म्हणून बोलत नव्हतो. स्प्लेंडरचं सीट जमिनीपासून 785 मिलिमीटरवर आहे, अ‍ॅव्हेंजरचं 737. पाच सेंटीमीटरसुद्धा फरक नाही. पण एका ओळखीच्याच्या अंगणात पहिल्यांदा तिच्यावर बसलो आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. त्या मिनिटाला सौदा झाला होता. पुढं तासभर भावाची घासाघीस केली ती रीत म्हणून.

तर लोकांना जी रुबाबाची गाडी वाटते, ती माझ्यासाठी भीती गेल्याची गाडी आहे. उंच, दांडग्या पोरांनी क्रूझर, म्हणजे अशी लांब, बुटकी गाडी घ्यावी आणि माझ्यासारख्यानं बघत राहावं, हे कुणी ठरवलं काय की. खुर्चीसारखं खाली बसायचं, पाय पुढं सोडायचे, हँडल आपल्याकडं चालत येतं. बुटक्या माणसासाठी याहून सोयीची गाडी मला अजून भेटली नाही.

हौस नव्हती असंही नाही. 2001 मध्ये मी बीडला डी.एड.ला होतो. त्याच साली बजाजनं कावासाकीची एलिमिनेटर आणली, 175 सीसीची क्रूझर. वर्गातल्या एकानं तिचा पेपरातला फोटो कापून वहीत ठेवला होता, त्याच्या आत्याच्या पोरीच्या फोटोशेजारी. 2005 ला तिच्याच बांध्याची अ‍ॅव्हेंजर आली 180 सीसीची, मग 200, मग 220. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून, आमच्या गावची कितीतरी पोरं तिथं कामाला गेली. पण गावात फटफटी म्हणून दिसायची ती बजाजचीच छोटी एम-80, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली.

आता गाडीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे पोस्ट वाचून कुणी उद्याच घेऊन येईल.

हिचा पुढचं चाक धरणारा चिमटा लांब आणि तिरका टाकलेला आहे. दोन चाकांत 1490 मिलिमीटर अंतर. स्प्लेंडरला 1236 आहे. त्यामुळं सरळ रस्त्यावर ही रुळावरून चालल्यासारखी जाते, हँडलवर नुसता हात ठेवायचा. पण मोंढ्यातल्या बोळीत वळवायची म्हटलं की बैलगाडी वळवल्यासारखं दोनदा मागंपुढं करावं लागतं. आणि खड्डे! साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देऊन बूड उचलतो, धक्का गुडघ्यात जिरतो. हिच्यावर पाय पुढं असतात, त्यामुळं उठताच येत नाही. मागचे शॉकअप सोसतील तेवढं सोसतात, बाकीचं थेट माकडहाडाला. आमच्या भागात काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर लाटा घेतं. शाळेच्या रस्त्यावर अशा लाटा सहा किलोमीटर आहेत. शिवाय प्रत्येक वस्तीसमोर गावकऱ्यांनी हौसेनं घातलेले स्पीडब्रेकर. दोघं बसलेलो असलो की गाडीचं पोट घासतं आणि बायको म्हणते, "झालं, आलं गाव."

बायकोचा विषय निघालाच आहे तर. मागं सीटला टेका आहे, लोकांना वाटतं बाईमाणसाची काय सोय. साडी नेसून एका बाजूला बसलं की तोच टेका बरगडीत रुततो. पहिल्या महिन्यात तिनं सरळ सांगितलं, "ही गाडी माझ्यासाठी नाही बनवली." मग एक दिवस पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसली. टेका पाठीला बरोबर लागला. माझ्या आईला ते आठवडाभर रुचलं नाही. नंतर आईच म्हणाली, आता पडायची तरी भीती नाही.

पण मांजरसुंब्यावरून धुळे–सोलापूर महामार्गाला लागलो ना, की वर लिहिलेल्या सगळ्या तक्रारी मी मागं घेतो. चौपदरी रस्ता, बालाघाटाचं पठार, थंडीत दोन्हीकडं ज्वारी. चौसाळा, पारगाव, सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचा पेढा, मग येरमाळ्याच्या येडाईला हात जोडून पुढं तुळजापूर. ताशी सत्तर. त्याच्यावर मी नेत नाही. नेता येते, पण समोर काच नाही, ताठ बसलेलं असतं, सगळा वारा छातीवर येतो आणि नव्वदला मान आखडते. ही गाडी सत्तरला खूश असते आणि मीही.

म्हणूनच समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, याचा माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना राग आहे आणि मला नाही. 701 किलोमीटरचा रस्ता आपल्या जालन्यातून, संभाजीनगरातून जातो आणि आपल्याला जाता येत नाही, हे टोचतं खरं. पण एकशेवीसनं धावणाऱ्या मोटारींमध्ये सत्तरची क्रूझर म्हणजे लग्नाच्या वरातीत तिरडी. शिवाय तिथं दर दहा किलोमीटरला चहाची टपरी नाही. मग कशाला जायचं?

राग यायचाच असेल तर उसाच्या ट्रॅक्टरचा यावा. कारखाने सुरू झाले की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून निघतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, वर मोठ्यानं गाणी. ड्रायव्हरला मागून कोण आलंय ते ऐकूही येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवस मावळल्यावर मी गाडी काढत नाही. कुणाला भित्रा वाटलो तर वाटू द्या.

आणि ते सायलेन्सर. माझ्या गाडीचा मूळ आवाज घोंगडीत गुंडाळून ढोल वाजवल्यासारखा आहे, मला तेवढा पुरतो. "सर, काढून टाका हा, फुटाण्यासारखा वाजणारा लावून देतो," असं एक पोरगं दर सर्व्हिसिंगला म्हणतं. गाडीत असला फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं चालत नाही, हे त्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, सगळेच लावतात. खरंय, सगळेच लावतात, आणि संध्याकाळी सरकारी दवाखान्यासमोरूनच फिरवतात. क्रूझर बदनाम झाली ती या पोरांमुळं. आणि मला वर दाढीचा प्रश्न विचारतात.

गेल्या जुलैत पडलो. वेग नव्हता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं चाकाची काळी माती डांबरावर पसरवली होती, वर भुरभुर पाऊस. मागचं चाक साबणावर पाय पडावा तसं गेलं. मला फक्त खरचटलं. पण दीडशे किलोच्या वरची गाडी आडवी पडली की एकट्यानं उठत नाही हे त्या दिवशी कळलं. बांधावरून दोघं जण आले, एकानं हँडल धरलं, एकानं मागून उचलली. उचलल्यावर धाकट्यानं विचारलं, "आवरेज किती देती?"

सध्या गाडी आठ दिवसांपासून उभी आहे. मागचा टायर गेलाय. 130/90-15 हे माप. अठरा इंची टायर इथं किराणा दुकानातसुद्धा मिळेल, पण पंधरा इंची म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडं बघतो, मग गाडीकडं. काल लातूरहून फोन आला, टायर आलाय, घेऊन जा. रविवारी जातोय आणायला. एसटीनं.