जुलाब लागले की पाणी तोडा म्हणे!

परवा संध्याकाळी धाकट्या जावेकडे गेले होते. पुतण्या दहा वर्षांचा, पहिल्यांदाच एकटा आठ दिवसांच्या निवासी शिबिराला निघालाय. पलंगावर सॅक उघडी होती आणि मी आठवड्यापूर्वी आणून दिलेली ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीची, चार पाकिटं फ्रीजवर पडली होती. सॅकच्या पुढच्या कप्प्यात त्यांच्या जागी जुलाब थांबवायच्या गोळ्यांची एक स्ट्रिप, अँटिबायोटिकची दुसरी, आणि सासूबाईंनी हाताने शिवलेली एक पुरचुंडी. कप्पा उघडला तर देवघर उघडल्यासारखा कापराचा वास.

"अगं, हे काय?"

"ताई, तो मेसेज वाचला नाहीत का? ग्रुपवर टाकलाय की मी."

वाचला नव्हता. मग तिथेच उभ्याउभ्या वाचला. 'उन्हाळी शिबिराला मूल पाठवताय? आधी हे सात नियम वाचा. एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला.' डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण मात्र ठळक. घरी येऊन बघते तर सोसायटीच्या, भिशीच्या आणि माहेरच्या अशा तिन्ही ग्रुपवर तो आधीच येऊन बसलेला, खाली हात जोडलेल्यांची रांग.

मी डॉक्टर नाही. पण चौदा मे महिने शिबिराच्या कोठीघरात आणि औषधांच्या टेबलाशी काढलेत. दीडशे पोरांची ताटं, हात आणि पोटं बघितली आहेत. त्यामुळे गप्प बसणं जमणार नाही.

चौथा नियम आधी घेते. बाकीच्या नियमांनी बऱ्याच पोरांचं थोडक्यात निभावेल, चौथ्याने एखादं हातचं जाईल. तो असा: 'उलट्या-जुलाब सुरू झाल्यास सहा तास पाणी पूर्ण तोडावे, आतड्यांना विश्रांती मिळते. जुलाब थांबवणारी गोळी लगेच द्यावी. ओआरएस हे नुसते साखरेचे पाणी असून कंपन्यांचा धंदा आहे.'

तीन वाक्यं, आणि तिन्ही उलटी.

जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. बादलीला भोक पडलंय म्हणून वरून पाणी घालायचं थांबवलं तर भोक बुजत नाही, बादली रिकामी होते. मे महिन्यात चाळीस अंशाच्या उन्हात, दिवसभर हुंदडलेल्या पोराची बादली आधीच अर्धी असते. त्याला सहा तास कोरडं ठेवायचं?

आता 'साखरेचे पाणी'. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. बनगावच्या इस्पितळात डॉ. दिलीप महालनबिस काम करत होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, पेशंट जमिनीवर, व्हरांड्यात पडलेले. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, पिंपात कालवल्या, पिंपाला नळ लावला आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तोवर तिथे शंभरातले तीसेक दगावत होते. या पाण्याने तो आकडा चारच्याही खाली आला. डॉक्टर २०२२ मध्ये वारले, आणि त्यानंतर पद्मविभूषण मिळालं. ज्येष्ठ डॉक्टरांचाच सल्ला हवा असेल तर हे घ्या. नाव आहे, गाव आहे, सालही आहे.

त्यामागचं गणितही सोपं आहे. आतड्याच्या अस्तरात साखर आणि मीठ जोडीनेच आत घेणारी वाट असते. त्या दोघांच्या मागून पाणी आत जातं. कितीही जुलाब होत असले तरी ही वाट बहुधा चालू राहते. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, नुसती साखरही नाही, मोजून दोन्ही लागतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, त्यामुळे 'अंदाजे' हा शब्द इथे चालत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१९ च्या मे महिन्यात आमच्याच शिबिरात एका रात्रीत अकरा पोरं आडवी झाली. पिण्याच्या पाण्याची आम्ही डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती, आणि घात केला ताकाने. दुपारी ऊन फार म्हणून कुणीतरी गावातून बर्फाची लादी आणली, गोणपाटात गुंडाळलेली, आणि फोडून ताकाच्या पातेल्यात घातली. आदल्या वर्षीपासून राज्यात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आला होता. आमची लादी पांढरी होती, म्हणून आम्ही निर्धास्त. पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा, तो कुठे टेकवला, कुणी पायाने सरकवला, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. चूक आमचीच.

त्यातला एक मुलगा नऊ वर्षांचा. रात्री अडीच वाजता बघितला तेव्हा जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होईना. जीप दारात उभी करून ठेवली, ग्रामीण रुग्णालयात फोन केला. तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, पितोय का? पितोय, पण उलटून टाकतोय. त्या म्हणाल्या, ग्लासने पाजू नका, चमच्याने पाजा, मिनिटाला एक. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, परत सुरू करा, आणि पिईनासा झाला तर तडक निघा. मी घड्याळासमोर बसून चमचे मोजले. पहाटे पाचच्या सुमारास त्याने हातातला पेला स्वतः ओढून घेतला. साडेसहाला लघवीला गेला, तेव्हा त्या बातमीने स्वयंपाकाच्या मावशींसकट आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेसेजवाल्या डॉक्टरांच्या हिशेबाने त्या चार तासांत त्याला थेंबही द्यायचा नव्हता.

जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना देत नाहीत. ती आतड्याची हालचाल मंद करते, म्हणजे घाण आतच. मोठा माणूस एस.टी.च्या प्रवासात घेतो ती गोष्ट वेगळी. मुलाच्या शौचात रक्त दिसलं, मूल गुंगीत जायला लागलं, पाणी पोटात ठरेना किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर गोळी शोधत बसू नये, दवाखाना गाठावा.

'कंपन्यांचा धंदा' यात मात्र कणभर तथ्य आहे, कबूल करते. नावात ओआरएस मिरवणारी फळांच्या चवीची खोकी बरीच वर्षं मेडिकलमध्ये विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, या खोक्यांत साखर त्याच्या कितीतरी पट. जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याविरुद्ध भांडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. तेव्हा खोकं नको, पावडरचं पाकीट घ्या आणि त्यावर आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का ते बघा. पण नकली नोट निघते म्हणून खरी नोट कुणी चुलीत घालत नाही.

आता पहिला नियम. 'पाण्यात तुरटी फिरवली की पाणी शुद्ध. क्लोरीन म्हणजे विष.' तुरटीने गाळ खाली बसतो, गाळाबरोबर काही जंतूही बसतात, एवढं खरं. माझी आजीही फिरवायची. पण तळाशी बसलेला जंतू मेलेला नसतो, आणि सगळे बसतातच असंही नाही. तुरटीनंतर पाणी वरच्या वर काढून घ्यायचं आणि मग उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं. गावोगावी जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची पावडर, टाकतो आणि क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट करतो ती काय हौस म्हणून? पाण्यात त्या टेस्टच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर पाणी भरवशाचं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग सापडले, हातापायातली ताकद गेलेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू निघाला आणि संशय पाण्यावर गेला. अर्ध्या पुण्याची शिबिरं त्याच रस्त्याने पुढे खडकवासला-पानशेतकडे जातात. संयोजकांना फोन करून 'जेवायला काय असतं' हे सगळे विचारतात. 'पाणी कुठलं, आणि ओटी रोज कोण बघतं' हे चौदा वर्षांत मला तिघांनी विचारलं. त्यातले दोघे स्वतः डॉक्टर होते.

पुरचुंडी: कापूर, लवंग, ओवा. कोरोनात म्हणे हीच ऑक्सिजन वाढवत होती, आता मेसेजमध्ये जंतू पळवते. पळवत नाही. उलट कापराची वडी एखाद्या पोराने खडीसाखर समजून तोंडात टाकली तर आकडी येऊ शकते. एका खोलीत वीस पोरं झोपतात, त्यातल्या कुणाला काय खावंसं वाटेल, आपण सांगू शकतो?

'सॅनिटायझर थोतांड आहे, मातीने हात धुवा.' यातला पहिला अर्धा भाग नाइलाजाने थोडासा मान्य. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. पण त्याला उत्तर साबण आणि वाहतं पाणी. अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असतात. आमच्याकडे जुन्या मोज्यात साबणाची वडी घालून ती नळाला बांधायची पद्धत आहे. हरवत नाही, चिखलात पडत नाही, आणि पोरांना मोजा पिळायला मजा वाटते.

'जाण्याआधी तीन दिवस अँटिबायोटिक द्या' यावर वेळ घालवत नाही. शिबिरात फिरणारे बहुतेक ताप-सर्दी-जुलाब व्हायरसचे. त्यांना या गोळीने काही होत नाही, पोट मात्र पोराचं बिघडतं.

सहावा नियम म्हणतो, गोवर-कांजिण्या लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या, प्रतिकारशक्ती वाढते. गोवराच्या बाबतीत हे नुसतं चूक नाही, नेमकं उलटं आहे. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला होता. इतर आजारांविरुद्ध त्यांच्या अंगात आधीच तयार झालेल्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडीजपैकी) ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. म्हणजे शिकलेलं विसरायला लावणारा आजार. आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात काय झालं ते वर्तमानपत्रांत रोज येत होतं. गोवराचं पोर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून आजार पसरवतं, म्हणजे शिबिरात ते कुणाला ओळखूही येणार नाही. सरकारी लसीचे दोन डोस नऊ महिन्यांनंतर आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास असतात. कार्ड काढून बघा, राहिला असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी पुरेसे दिवस हाताशी ठेवून घ्या. 'लस घेतलेल्यांना गालगुंड कसे होतात' असं त्यात खोचकपणे विचारलंय. कारण सरकारी लस गोवर-रुबेलाची आहे, त्यात गालगुंड नाही. ती लस खासगी दवाखान्यात वेगळी घ्यावी लागते. एवढं लिहिलं असतं तर मेसेज उपयोगी तरी पडला असता.

राहिला सातवा: 'थोडी कणकण असली तरी शिबिर बुडवू नका. पॅरासिटामॉल देऊन पाठवा, संयोजकांना सांगू नका, पैसे परत मिळत नाहीत.' हे वाचून मात्र डोकं सणकलं. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका निवासी शिबिरात कोरोना शिरला. ज्यांच्या चाचण्यांचे निकाल हाती आले त्या ३४४ जणांपैकी २६० बाधित निघाले. मुलांना मास्कची सक्ती नव्हती, खोल्यांच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवली नव्हती, आणि रोज मोठमोठ्याने गाणी. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या चार शिबिरांत हजारावर माणसं राहिली आणि फक्त तिघं बाधित निघाले. त्यांनी येण्याआधी विलगीकरण, आल्यावर चाचण्या, छोटे गट, लक्षणांवर रोज लक्ष, सगळं पाळलं होतं. म्हणजे नशिबाचा नाही, काय पाळलं याचा फरक. आणि ताप लपवून पाठवलेलं पोर तिसऱ्या दिवशी रात्री माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलाशी येतं, 'आईने सांगितलं होतं सांगू नको' म्हणत रडतं. मी अशी दोन बघितली आहेत. ओरडावं कुणाला?

जाऊबाईंना हे सगळं तोंडी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पण ताई, ग्रुपवर सगळ्यांनी चांगलं म्हटलंय." म्हणून लिहून काढलं. आता हेही सगळ्यांना पाठवा.

दोन्ही स्ट्रिपा मी पर्समध्ये टाकून आणल्या. पाकिटं सॅकमध्ये परत गेली, सोबत लिटरच्या खुणेची बाटली, कारण पाकीट फोडून पेल्यात ओतणारी माणसंही मी बघितली आहेत. पुरचुंडीचा प्रश्न नाजूक होता, सासूबाई समोरच बसल्या होत्या. पुतण्यानेच सोडवला. म्हणाला, "आजी, याचा वास माझ्या चिवड्याला लागेल." कापूर देवघरात गेला. लवंगा त्यांनी स्वतःच मसाल्याच्या डब्यात टाकल्या.