चेकॉव्हने गावच्या लायब्ररीला काहीच दिलं नाही म्हणे!

रशियन लेखक अंतोन चेकॉव्हवरची एक पोस्ट सध्या जो तो पुढे ढकलतोय. तिचं म्हणणं असं की त्याला आपल्या गावाचा, तागानरोगचा, तिटकारा होता, एकदा निघाला तो परत फिरकला नाही, गावच्या लायब्ररीला एक पुस्तक दिलं नाही, दिली असतील तर स्वतःचीच दिली (ही दोन्ही वाक्यं एकाच पोस्टमध्ये आहेत बरं का), आणि तिथे त्याच्या नावाचं जे काय आहे ते सगळं सोविएत सरकारने नंतर मांडलेलं.

तिटकाऱ्याचं आधी घेऊ, कारण त्यात थोडं खरं आहे. १८७६ मध्ये बापाचं दुकान बुडालं, तो कर्जाच्या भीतीने मॉस्कोला पळाला आणि सोळा वर्षांचा अंतोन शिकवण्या करत, शाळा संपेपर्यंत म्हणजे १८७९ पर्यंत, मागेच राहिला. १८८७ ला गावी गेला तेव्हाच्या पत्रांत घाण, आळस, कंटाळा, सगळ्याच्या नावाने शिव्या आहेत. पण म्हणजे गेला होता ना! पुढे १८९९ मध्येही गेला. आणि १८९८ च्या एका पत्रात तर म्हणतो की हे जंतू नसते (क्षय होता त्याला) तर दोन-तीन वर्षं तागानरोगलाच राहिलो असतो. आपल्याकडे नाही का, गावाला नावं ठेवणारा माणूसच गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी पाठवतो.

आता पुस्तकं. १८९० पासून तो या लायब्ररीला पुस्तकं पाठवत होता, मरेपर्यंत, एकूण दोन हजारांच्या वर गेली. पावेल इओर्दानोव्ह म्हणून गावचे एक डॉक्टर लायब्ररीचं बघायचे, त्यांच्याशी पत्रं चालू असायची, कुठली पुस्तकं हवीत, संदर्भ विभाग कसा करायचा वगैरे. १८९७-९८ चा हिवाळा तब्येतीसाठी फ्रान्समध्ये नीसला काढला, तर तिथूनही फ्रेंच लेखकांचे तीनशेहून जास्त खंड विकत घेऊन गावाला रवाना केले. आजारी माणूस, हवापालटाला गेलेला, आणि बसलाय पुस्तकांची खोकी भरायच्या मागे! त्यात 'फक्त स्वतःची' कुठून आली? उलट इतर लेखकांनी त्याला सही करून दिलेल्या प्रतीसुद्धा त्याने तिकडे देऊन टाकल्या. मला सही केलेलं पुस्तक मिळालं तर मी घरच्यांना पण हात लावू देणार नाही.

सोविएत सरकारचं तर तारखांवरच निकालात निघतं. लायब्ररी १८७६ ची, अंतोन शाळेत असतानाच उघडलेली. चेकॉव्हचं नाव तिला १९०४ मध्ये, तो गेला त्याच वर्षी दिलं. आजची इमारत आर्किटेक्ट शेख्तेलची, तो चेकॉव्ह भावंडांचा जुना मित्र, आणि तीही १९१७ च्या क्रांतीआधीच उभी राहिली. चेकॉव्हच्या शाळेच्या इमारतीतलं म्युझियम मात्र सोविएत काळातलं आहे, ते मान्य, पोस्टवाल्याने बहुतेक दोन्ही एकच समजून ठोकून दिलंय.

एका गोष्टीसाठी मात्र मी पोस्टवाल्याला थोडं माफ करतो. चेकॉव्हनेच इओर्दानोव्हना लिहून ठेवलंय की लायब्ररीच्या कामात माझा हात आहे हे कृपा करून कुणाला सांगू नका.